मत बदलण्याचा अधिकार आणि कोयत्याचा न्याय



बांगलादेशाच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्रह्मदेशाच्या सीमेलगतच्या डोंगराळ मुलुखात बांदरबन नावाचा जिल्हा आहे. तेथील बाइशारी गावच्या विहारात १४ मे २०१६ रोजी सकाळी एका वयोवृद्ध भिक्खूचा गळा चिरलेला देह आढळला. ही वार्ता ऐकून कोणत्याही बौद्धाच्या मनात कालवाकालव व्हावी हे स्वाभाविकच आहे. परंतु आम्हांस आपणांपुढे निराळा प्रश्न ठेवावयाचा आहे. त्या भिक्खूच्या आधी त्याच देशात ज्यांच्यावर कोयते चालले, त्यांपैकी किती जणांची आपणांस माहिती आहे? ते बौद्ध नव्हते, सबब ते आपले कोणी नव्हते, असा हिशेब आपल्यापैकी कोणी मनातल्या मनात केला असेल, तर तो हिशेब साफ चुकला आहे. त्या लाटेला आता दशक लोटत आहे, आणि त्या देशाच्या संविधानाची फेरमांडणी करण्याची भाषा २०२४ पासून उघडपणे चालू आहे. अशा वेळी जुना रोजनामा पुन्हा उघडून पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी ढाक्यात अहमद राजीव हैदर या तरुण लेखकास त्याच्या घराजवळ ठार करण्यात आले. १९७१ च्या मुक्तियुद्धातील अत्याचाऱ्यांना फाशी व्हावी म्हणून शाहबाग चौकात ठाण मांडून बसलेल्या तरुणांपैकी तो एक होता. (फाशीची ती मागणी आम्हांस बौद्ध म्हणून मान्य होण्यासारखी नव्हती; पण तो मुद्दा वेगळा.) पुढे २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाका विद्यापीठाच्या परिसरात, ग्रंथमेळ्यातून बाहेर पडणाऱ्या अविजित रॉय यांचा भर रस्त्यात, लोकांच्या देखत खून झाला. त्यांच्या पत्नी रफीदा अहमद बन्ना ह्यांही गंभीर जखमी झाल्या. महाराष्ट्रातील वाचकांनी ही तारीख नीट लक्षात घ्यावी. कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारीस गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीस त्यांनी प्राण सोडला. मध्ये अवघे सहा दिवस गेले आणि ढाक्यात कोयता उगारला गेला. मारेकऱ्यांचे धर्म भिन्न, देश भिन्न, हत्यारे भिन्न. परंतु दोन्हीकडे मेला तो माणूस लेखणी हाती धरणारा होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये वाशिकुर रहमान, मे महिन्यात सिल्हेटला अनंत विजय दास, ऑगस्टमध्ये निलय नील आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी प्रकाशक फैसल आरेफीन दीपन अशी ही मालिका चालू राहिली. दीपन यांचा अपराध एवढाच, की त्यांनी अविजित रॉय यांचे ग्रंथ छापले. लेखकाला मारून जे साधले नाही ते छापणाऱ्याला मारून साधावे, असा हा सरळ तर्क होता.

ह्यानंतर वर्तुळ रुंदावत गेले. नास्तिकांवर उगारलेला हात नास्तिकांपाशीच थांबतो अशी ज्यांची समजूत होती, त्यांचा भ्रम अल्पावधीत फिटला. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुन्या ढाक्यातील होसेनी दालानात मोहरमसाठी जमलेल्या शिया लोकांवर बाँब पडले. डिसेंबरात राजशाहीकडील बागमारा येथे अहमदियांच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी एकाने स्वतःस उडवून घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पंचगडला एक हिंदू पुजारी मारला गेला. एप्रिलच्या ६ तारखेस ढाक्यात नाझिमुद्दीन समद हा विधिशाखेचा विद्यार्थी, २३ तारखेस राजशाही विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक रेजाउल करीम सिद्दिकी, २५ तारखेस समलिंगी माणसांसाठी नियतकालिक चालविणारे झुल्हाज मन्नान व त्यांचे मित्र असे एकाच महिन्यात चौघे गेले. प्राध्यापक सिद्दिकी हे तर धर्माविरुद्ध अवाक्षरही न लिहिणारे गृहस्थ होते. ते सतार वाजवीत, साहित्याचे मासिक काढीत आणि आपल्या गावी संगीताची शाळा चालवीत. तेवढे पुरे झाले! मग मे महिन्यात बाइशारीचा भिक्खू. आणि १ जुलैच्या रात्री ढाक्याच्या गुलशन भागातील होली आर्टिझन उपाहारगृहात वीस ओलिसांची कत्तल झाली व दोन पोलीस अधिकारी धारातीर्थी पडले. मृतांत इटालियन आणि जपानी लोकांचा भरणा अधिक होता. हल्लेखोरांपैकी काही जण चांगल्या सधन घरांतले, इंग्रजी शाळांत शिकलेले होते. दारिद्र्य आणि अज्ञान ह्यांतूनच असली माथेफिरू वृत्ती जन्मते असे सोपे निदान करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आम्ही ज्या एका खुनाकडे आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, त्याची चर्चा फारशी झाली नाही. २२ मार्च २०१६ रोजी उत्तर बांगलादेशातील कुडीग्राम येथे सकाळी फिरावयास निघालेल्या एका वृद्धास रस्त्यात गाठून ठार करण्यात आले. हा गृहस्थ मुक्तियुद्धात लढलेला होता. जन्माने तो मुसलमान. सुमारे सतरा वर्षांपूर्वी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्याने कोणाची निंदा केली नव्हती, कोणते पुस्तक लिहिले नव्हते. त्याने केले ते इतकेच, की विचारपूर्वक आपला धर्म बदलला.

हे वाचून ज्याच्या काळजास घर पडत नाही, त्याने १४ ऑक्टोबर १९५६ चा अर्थ जाणला नाही असे आम्ही म्हणू. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली आणि एकवीस वर्षे अभ्यास करून, तोलून, मापून नागपूरच्या भूमीवर धम्म स्वीकारला. जन्माने आलेला धर्म माणसास बांधून ठेवू शकत नाही हे त्या दिवशी लाखो लोकांनी कृतीने सिद्ध केले. धर्मांतराचा अधिकार म्हणजे आमच्या धर्मात येण्याचा अधिकार, इतका संकुचित अर्थ त्यास नाही. ख्रिस्ती होण्याचा, मुसलमान होण्याचा, कोणताच धर्म न मानण्याचा अधिकार हा त्याच वृक्षाच्या फांद्या आहेत. कुडीग्रामच्या त्या वृद्धाचा अधिकार आणि दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांचा अधिकार हे कायद्याच्या भाषेत एकच आहेत. बाइशारीच्या भिक्खूसाठी आम्ही मेणबत्ती लावावी आणि कुडीग्रामच्या ख्रिस्ती माणसाकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस शोभणारे नाही.

मारेकऱ्यांविषयी अधिक लिहिण्यात आम्हांस स्वारस्य नाही. अन्सारुल्ला बांगला टीम काय किंवा जमातुल मुजाहिदीन काय, त्यांचे मत त्यांनी कोयत्याने स्पष्ट केलेच आहे. वकिलीच्या पेशातील माणसास अधिक अस्वस्थ करते ते राज्यसंस्थेचे वर्तन.

निलय नील याचे उदाहरण घ्या. मे २०१५ मध्ये, अनंत विजय दास यांच्या खुनाचा निषेध करून परतत असता दोन माणसे आपला पाठलाग करीत आहेत असे त्याच्या ध्यानी आले. तो पोलीस ठाण्यात गेला. बांगलादेशात ज्यास ‘जनरल डायरी’ म्हणतात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीत करावयाची साधी नोंद, तेवढी त्यास हवी होती. एका ठाण्याने सांगितले, हा आमच्या हद्दीतला विषय नाही, दुसऱ्या ठाण्यात जा. दुसऱ्या ठाण्याचे उत्तर तेच. उलट देश सोडून निघून जा, असा सल्ला मिळाला. ही सारी हकीकत त्याने स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. अशी नोंद घेणारा अधिकारी पुढे त्या माणसाच्या जिवाला जबाबदार धरला जातो, म्हणून पोलीस ती घेण्याचे टाळतात, असे आपणांस एका पोलिसानेच खाजगीत सांगितले, असेही त्याने त्यात नमूद केले होते. तीन महिन्यांनी, ७ ऑगस्ट रोजी, मारेकरी त्याच्या राहत्या घरात शिरले.

आपल्यापैकी ज्यांनी कधी गावातील अत्याचाराची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढली असेल, त्यांस हद्दीचे हे कारण नवे वाटणार नाही. नोंद झाली की जबाबदारी उत्पन्न होते. म्हणून नोंदच होऊ द्यावयाची नाही. आपल्याकडे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९८९ च्या मसुद्यापासून २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकास शिक्षेची तरतूद का करावी लागली, त्याचे उत्तर निलयच्या त्या एका लेखात सापडते.

खुनानंतर दोन दिवसांत बांगलादेशाच्या पोलीस महानिरीक्षकांनी मुक्तविचाराच्या लेखकांस बजावले, की मर्यादा ओलांडू नका. धार्मिक भावना दुखावणे हा कायद्याने गुन्हा आहे. एप्रिल २०१६ मध्ये, विधिशाखेच्या त्या विद्यार्थ्याच्या खुनाला आठवडा उलटतो न उलटतो तोच, खुद्द पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर केले, की धर्माविरुद्ध असले लिखाण आपणांस खपत नाही आणि त्यापायी काही अनुचित घडले तर त्याची जबाबदारी सरकारने का घ्यावी! खुनाचे समर्थन त्यांनी केले नाही, हे आम्ही न्यायाने नमूद करतो. परंतु ज्या क्षणी सरकार मृतास विचारते, की तू लिहिले होतेस तरी काय, त्या क्षणी मारेकऱ्याचे आरोपपत्र सरकारने दाखल करून घेतले असा अर्थ होतो. मग वाद उरतो तो केवळ शिक्षा कोणी द्यावी एवढ्यापुरता.

हे निव्वळ शब्दांपुरतेही नव्हते. राजीव हैदरच्या खुनानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, पोलिसांनी अटक केली ती चार लेखकांना. त्याच वर्षी माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ५७ व्या कलमाची शिक्षा वाढवून किमान सात व कमाल चौदा वर्षे करण्यात आली, आणि गुन्हा अजामीनपात्र झाला. पुढे २०१८ च्या आणि २०२३ च्या कायद्यांतही भावना दुखावण्याचे कलम ह्या ना त्या रूपात टिकलेच. हे कलम कोणाच्या मानेवर पडते ते पाहावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातील नासिरनगर येथे एका अल्पशिक्षित हिंदू मच्छीमाराच्या नावाने समाजमाध्यमावर एक चित्र झळकले. जमावाने घरे-देवळे फोडली, आणि कारागृहात गेला तो मच्छीमार. ते चित्र त्याच्या दूरध्वनीवरून गेलेलेच नव्हते, असे नंतर तपासात दिसून आले. त्याआधी २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री कॉक्स बझारजवळील रामू येथे बौद्धांचे प्राचीन विहार जळाले, तेही असेच एक चित्र एका बौद्ध तरुणाच्या खात्याशी कोणी तरी परस्पर जोडून दिल्यामुळे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मयमनसिंह जिल्ह्यातील भालुका येथे एका हिंदू गिरणी कामगारास धर्मनिंदेच्या नुसत्या आरोपावरून जमावाने ठार मारून त्याचा देह जाळला. मच्छीमार, रामूचे बौद्ध, गिरणी कामगार! दुखावली जाणारी भावना नेहमी बहुसंख्याकांची असते आणि दुखावणारा नेहमी असा, की ज्याच्या पाठीशी कोणी नाही.

ह्या कायद्याची मूळ जननी आपणा सर्वांची एकच आहे. दंडसंहितेचे २९५-अ हे कलम ब्रिटिश सरकारने १९२७ साली घातले, ते लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणामुळे. कलम झाल्याने भावना शांत होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९२९ च्या एप्रिलमध्ये त्या पुस्तकाचे प्रकाशक राजपाल ह्यांचा खून झालाच. बाबासाहेबांनी आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात ह्या हत्येची नोंद केली आहे. तेच कलम आज ढाक्यात आहे, कराचीत आहे, आणि २०२४ पासून आपल्याकडे न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात आहे. ते १९२७ साल आणखी एका कारणाने आपणांस ठाऊक असले पाहिजे. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्या कृत्याने सनातन्यांच्या भावना दुखावल्या नव्हत्या काय? ‘रिडल्स’ ग्रंथातील राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून १९८७-८८ साली महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते आमच्या वयाच्या लोकांनी बाळपणी घरात ऐकलेले आहे. दुखावलेली भावना हाच जर अपराधाचा पुरावा ठरणार असेल, तर आमचे निम्मे वाङ्मय आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

पूर्व बंगालशी आमचे नाते ह्याहून जुने आहे. १९४६ साली मुंबई इलाख्यातून बाबासाहेबांचा संविधान सभेचा मार्ग अडविला गेला, तेव्हा तो बंगालमधून मोकळा झाला. आणि त्यासाठी बारिसालचे नमोशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले. हेच मंडल फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये तेथील संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. धर्म ही नागरिकाची खाजगी बाब, राज्यकारभाराशी तिचा संबंध नाही, असे जिनांनी ११ ऑगस्टला सांगितले ते त्याच सभेत. मार्च १९४९ मध्ये त्या सभेने उद्दिष्टांचा ठराव करून राज्याची सांगड धर्माशी घातली. १९५० च्या आरंभी पूर्व बंगालात दंगली पेटल्या. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडलांनी प्रदीर्घ राजीनामापत्र लिहिले आणि ते भारतात परतले. शब्द फिरविण्यास तीन वर्षेही लागली नाहीत.

बांगलादेशाने १९७२ च्या संविधानात धर्मनिरपेक्षता हे मूलतत्त्व म्हणून लिहिले. १९७७ साली लष्करी राजवटीने ते पुसले. १९८८ साली इस्लाम राज्यधर्म झाला. २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने धर्मनिरपेक्षता परत आणली आणि राज्यधर्मही ठेवला! एकाच दस्तऐवजात दोन मालक लिहिले की ताबा कोणाकडे जातो, हे दिवाणी न्यायालयात काम करणारा नवशिका वकीलही सांगेल. राज्यधर्माविरुद्ध पंधरा नामवंत नागरिकांनी १९८८ साली केलेला अर्ज अठ्ठावीस वर्षे पडून होता. उच्च न्यायालयाने तो २८ मार्च २०१६ रोजी काही मिनिटांत फेटाळला. अर्जदारांस दावा करण्याचा अधिकारच नाही, हे कारण. कुडीग्रामच्या खुनाला तेव्हा सहा दिवस झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांची सत्ता गेली. जानेवारी २०२५ मध्ये संविधान सुधारणा आयोगाने धर्मनिरपेक्षतेच्या जागी बहुत्ववाद हा शब्द सुचविला. बहुत्व म्हणजे अनेक धर्मसमूहांनी शेजारी-शेजारी नांदणे. ते चांगलेच आहे. पण एका समूहातून उठून दुसऱ्यात जाणाऱ्या, अथवा कोणत्याच समूहात न बसणाऱ्या एकट्या माणसास त्या शब्दात जागा कोठे आहे? आमची शंका आहे ती येथे.

ह्या सगळ्यावरून मुसलमान समाजावर तोंडसुख घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाण्यात आमचा सूर मिळणार नाही. ह्या लाटेत पडलेल्यांपैकी किती तरी जण मुसलमान घरांतले होते; गुलशनला मेलेले दोन पोलीस अधिकारी कोण होते? ७ जुलै २०१६ रोजी किशोरगंजच्या शोलाकिया मैदानापाशी हल्ला झाला तो ईदच्या नमाजास जमणाऱ्या लोकसागरालगत. आणि आमचे घर तरी कोठे निर्मळ आहे? ब्रह्मदेशात चीवरधारी लोकांनी रोहिंग्यांविरुद्ध विष पेरले. श्रीलंकेत बोदु बल सेनेच्या सभेमागोमाग २०१४ साली अलुथगमा जळाले. तथागताच्या नावाने जेव्हा दुसऱ्याचे घर जाळले जाते, तेव्हा मौन पाळणारा बौद्ध रामूसाठी कोणत्या तोंडाने न्याय मागणार? त्याचप्रमाणे गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल असे सांगितले. कोयता आणि परवानगीचा अर्ज ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तरी विवेकाच्या निर्णयास दुसऱ्याची संमती लागते, हे गृहीत दोन्हीकडे आहे.

राहता राहिला खटल्यांचा विषय. बांगलादेशातील न्यायालयांनी ह्या माथेफिरूंसमोर शेपूट घातले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ ऑगस्ट २००५ रोजी जमातुल मुजाहिदीनने ६४ पैकी ६३ जिल्ह्यांत सुमारे पाचशे बाँब एकाच दिवशी उडविले, त्यात न्यायालये हे मोठे लक्ष्य होते. नोव्हेंबरात झालकाठी येथे दोन न्यायाधीश मारले गेले. त्याच महिन्यात गाजीपूरच्या वकील संघात वकिलाचा झगा घालून एक जण शिरला आणि त्याने स्वतःबरोबर आमच्या पेशातील माणसांस उडविले. तरी खटले चालले, निकाल लागले. अविजित रॉय खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच जणांना देहदंड सुनावण्यात आला. परंतु २० नोव्हेंबर २०२२ रोजी दीपन खटल्यात देहदंड झालेल्या दोघांना त्यांच्या साथीदारांनी ढाक्याच्या न्यायालयाच्या आवारातून, पोलिसांच्या डोळ्यांत रसायन फवारून, दुचाकीवर बसवून नेले. २०१६ च्या जूनमध्ये एका आठवड्यात अकरा हजारांवर माणसे धरली गेली. संशयित दहशतवादी म्हणण्यासारखे त्यांत दोनशेही नव्हते. ही धरपकड ज्या खुनानंतर सुरू झाली तो चट्टग्राममधील एका पोलीस अधीक्षकाच्या पत्नीचा होता. आणि त्या खटल्यात पुढे तपास यंत्रणेने आरोपी केले ते खुद्द त्या पतीलाच. धाडी घातल्याने कायद्याचे राज्य येत नाही, पुरावा गोळा केल्याने येते.

मुलाचा देह समोर असताना दीपन यांचे वडील, प्राध्यापक अबुल कासेम फजलुल हक, ह्यांनी आपणांस खटला-न्याय नको, दोन्ही बाजूंना सुबुद्धी व्हावी एवढीच इच्छा आहे, असे उद्गार काढले होते. त्या पित्याच्या दुःखापुढे आमचे मस्तक नम्र होते. पण नागरिक म्हणून आम्ही न्याय मागणारच. सूड नव्हे, देहदंडही नव्हे. नोंद, तपास आणि साक्ष. रामूचे जळालेले विहार वर्षभरात सरकारी खर्चाने अधिक देखणे करून उभारण्यात आले, त्यांचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले, आणि दहा वर्षे उलटल्यावर, २०२२ सालीही, त्या रात्रीचे खटले साक्षीदार पुढे येत नाहीत म्हणून रखडलेलेच होते. आमच्या ज्या संस्था बांगलादेशातील बौद्ध बांधवांशी संबंध ठेवून आहेत, त्यांनी पुढच्या पत्रात मूर्ती आणि विहारदानाची चौकशी जरूर करावी. परंतु त्याच पत्रात हेही विचारावे, की रामूच्या साक्षीदारांस संरक्षण कोणी देऊ केले आहे काय, आणि कुडीग्रामच्या त्या ख्रिस्ती वृद्धाच्या घरी आजवर कोणी बौद्ध जाऊन आला आहे काय.